अस्सल बरहुकूम

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर लॉन्ड्री आहे आणि तिच्या बरोबर वर मी राहते. त्यामुळे वीसेक वर्षं माझ्या पायाखालची फरशी फुकटात गरम होते आहे. उन्हाळ्यात मी लॉन्ड्रीच्या मालकाच्या नावानं बोटं मोडते आणि थंडीत मनातल्या मनात त्याला दुवा देते. तिथे इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभी असते ती हिची आई. आणि ही म्हणजे जिच्याबद्दल मी लिहायला बसले आहे ती मुलगी. तिला सगळी इमारत 'खिडकी' म्हणते.

हे नाव तिला सातव्या वर्षी चिकटलं. तिची माणसं या शहरात मूठभर आहेत. दोन गल्ल्या, प्रार्थनेची एक खोली आणि स्वतःची एक भाषा, एवढाच त्यांचा पसारा. ती भाषा त्या दोन गल्ल्यांबाहेर कुणाला येत नाही. आणि गल्लीतल्या मोठ्या माणसांना बाहेरची भाषा कळते ती बाजारापुरती, आणि बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. मग शाळेत जाणारी पोरं हीच त्यांची तोंडं होतात. पोस्ट असो, वीज कंपनी असो, दवाखाना असो, जिथे म्हणून खिडकी असेल तिथे हिला हाताला धरून नेत. उंची पुरायची नाही म्हणून पायाखाली खोका ठेवत. खोक्यावर चढून, दोन्ही हातांनी गज धरून ती आतल्या कारकुनाशी बोलायची आणि मान मागे वळवून आपल्या माणसांशी. आज कुणाची आत्या, उद्या कुणाचे सासरे. शाळेतून आली की दप्तर टाकायचं आणि कुणाच्या तरी कामाला निघायचं.

एकदा ती माझ्याच खिडकीत येऊन उभी राहिली. मी कोर्टात नक्कल विभागात होते. तिच्याबरोबर एक म्हातारा होता आणि त्याचा अर्ज तिसऱ्यांदा अपुरा होता. माझ्या नाकावर तेव्हाही माशी बसत नसे. मी म्हटलं, "यांना काही अक्कल आहे का? दोन प्रती आणा म्हणून किती वेळा सांगायचं?" ती वळली, म्हाताऱ्याला काहीतरी म्हणाली, आणि तो माझ्याकडे बघून इतकं गोड हसला की मीच वरमले.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"तुम्ही म्हणालात की सगळं बरोबर आहे, फक्त एक कागद कमी आहे, तेवढा आणा."

"मी असं म्हणाले?"

ती खोक्यावरून उतरत होती. "तुम्हाला तसंच म्हणायचं होतं ना," ती म्हणाली आणि म्हाताऱ्याला घेऊन गेली.

मला राग आला होता, हे कबूल करते. कारण मी छत्तीस वर्षं खाल्ली ती नेमकी उलट्या कामाची भाकरी. नक्कल विभागात मूळ कागदात जे आहे ते आणि तेवढंच उतरवायचं. मुळात चूक असेल तर चूक उतरवायची. साक्षीदारानं शिवी दिली असेल तर शिवी. मग मुळाशी ताडून बघायचं, खाली 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शिक्का मारायचा आणि सही करायची. कानामात्रेचा फरक असलेल्या कागदावर मी कधी सही केली नाही. माझ्या हाताखालच्या पोरी मला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं.

त्या छत्तीस वर्षांत एक ओळ मात्र मी इतक्या वेळा उतरवली की ती डोळे मिटूनही लिहिता आली असती. 'दुभाषी उपलब्ध नसल्यामुळे पुढील तारीख.' तिच्या माणसांच्या दाव्यांत ती पानोपानी असायची. कोर्टाचा दुभाषी महिन्यातून एक दिवस यायचा, त्याला सर्दी झाली की दोन महिने. मी ती ओळ वळणदार अक्षरात लिहायची आणि शिक्का मारायची. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी तिचे वडील गेले. लॉन्ड्रीचे गठ्ठे सायकलवरून घरोघर पोचवणारा शांत माणूस होता. मी खाली जाऊन तिच्या आईचा हात हातात घेऊन बसले. तिला माझी भाषा बोलता येईना, मला तिची. दहा मिनिटांनी मी उठले. आमची शेजारधर्माची सगळी देवघेव तेवढीच, मान हलवणं आणि माझ्या चादरींच्या घड्या.

आणि सतराव्या वर्षी ही मुलगी माझ्या दारात उभी. हातात लॉ कॉलेजच्या प्रवेशाचं पुस्तक.

"बाई, तुम्ही कोर्टात होता ना? मला शिकवाल?"

"मी वकील नव्हते. मी नकला करायचे."

"चालेल," ती म्हणाली. जणू माझ्यावर उपकारच.

मग रोज दुपारी चारला, खालचा बॉयलर थंड झाला की, ती वर यायची. परीक्षेत एक भाग असा होता की एक नियम द्यायचे, एक प्रसंग द्यायचे, आणि नियम लावून उत्तर काढायचं. गणितासारखं सोपं. पण ती तिथेच आपटायची. एक प्रश्न मला अजून आठवतो. ग्रंथालयाचा नियम, पुस्तक उशिरा देणाऱ्याचं कार्ड महिनाभर बंद. एक बाई पुस्तक चार दिवस उशिरा आणते, कारण तिचं मूल दवाखान्यात होतं. कार्ड बंद होईल का? हिनं खूण केली, 'नाही.'

"नियमात दवाखाना कुठे लिहिलाय?" मी विचारलं.

"लिहिला नाही. पण लिहिणाऱ्याला माहीत नसेल ना की तिचं मूल आजारी पडणार आहे."

"त्याला काय माहीत होतं ते तुला कुणी विचारलंय? जे लिहिलंय तेवढंच वाच."

"मग तिनं परत पुस्तक न्यायचं तरी कसं?"

"ती बाई खरी नाहीये गं," मी कपाळावर हात मारला.

दहा वर्षं ती खिडकीवर हेच करत आली होती. समोरचा काय बोलला ते बाजूला ठेवायचं, आणि ऐकणाऱ्याला झेपेल ते पुढे द्यायचं. कारकुनाचा तिरसटपणा वाटेतच गाळून टाकायचा, कुणा काकांच्या शिव्यांची विनंती करून द्यायची. दोन्ही बाजू खूश. त्या दोन गल्ल्यांत तिच्याइतकं लाडकं माणूस नव्हतं. आणि सराव परीक्षेत मात्र तिला चाळीसातले चौदा मिळत. मी फूटपट्टी, ती रबर. आम्ही तीन महिने भांडलो, आणि खरं सांगते, त्या तीन महिन्यांत मला दुपारची झोप आठवलीसुद्धा नाही. परीक्षा झाली. चाळीसातले एकतीस आले. मी कुणाला न सांगता पेढ्यांऐवजी चहातली साखर दुप्पट केली आणि दोघींनी तो चहा तोंड वाकडं करत प्यायला.

आता उरला होता अर्ज. कॉलेजात तिच्यासारख्या लहान समाजांसाठी चार जागा राखून ठेवलेल्या होत्या. त्या अर्जासोबत दोन पानांचं निवेदन जोडायचं होतं. तुमच्या समाजात वाढताना तुम्हाला कायदा का शिकावासा वाटला, ते स्वतःच्या अनुभवातून लिहा. तिनं लिहून आणलं. आमचा समाज कष्टाळू आहे, आम्ही शांतताप्रिय आहोत, मला सर्वांची सेवा करायची आहे.

"हे निवेदन आहे की सत्काराचं भाषण?" मी म्हटलं.

ती पहिल्यांदाच चिडली. "मग काय लिहू? रडगाणं? त्यांनी आमची दुखणी मोजून जागा द्यायची का?"

तिचं बरोबरच होतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, "दुखणं नको लिहूस. एक दिवस लिही. खोक्यावरचा कुठलाही एक दिवस. जसा झाला तसा, माझ्यासारखा उतरवून काढ."

ती आठवडाभर आली नाही. आली तेव्हा दोन पानं माझ्यासमोर ठेवून खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

ती अकरा वर्षांची असताना वडिलांना मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. आई, वडील आणि ही. डॉक्टर तिला म्हणाले, आईला सांग, आता औषधाचा उपयोग नाही, फार तर तीन महिने. दोघं तिच्याकडे बघत होते. तिनं त्यांना आपल्या भाषेत सांगितलं, औषध वेळेवर घ्या, हिंडतंफिरतं राहा, बरं वाटेल. मग आई रोज सकाळी वडिलांना उठवून कामावर पाठवत राहिली, हिंडतंफिरतं राहावं म्हणून. दोन महिने ते गठ्ठे पोचवत होते. तिसऱ्या महिन्यात सायकलवरून उतरता येईना. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला माहीत नाही. पण ज्याचं आयुष्य आहे त्याला जे बोललं गेलं ते जसंच्या तसं कळायला हवं होतं. मला तेवढंच शिकायचं आहे.'

मी वाचून संपवलं. माझे डोळे भरून आले होते, आणि चष्मा पुसायचं निमित्त करायलाही मी विसरले.

"आईला माहीत आहे?"

तिनं मान हलवली. नाही.

अडचण तिथेच होती. ती अजून अठराची नव्हती, म्हणून अर्जावर पालकाची सही हवी होती. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की पालकाला अर्जाची भाषा येत नसल्यास संपूर्ण मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, आणि नात्यात नसलेल्या साक्षीदारानं तसं लिहून सही करावी. 'मजकूर पालकांना समजावून सांगितला व तो त्यांना समजला.' साक्षीदार मी. शुक्रवारी पाच वाजता मुदत संपत होती.

"आईला सांगते फॉर्म आहे म्हणून. ती सही करते," ती म्हणाली. "आजवर शंभर कागदांवर अशाच सह्या केल्यात तिनं. तुम्ही खाली करून टाका."

"वाचून दाखव. मग करते."

"बाई, तुम्हाला आमची भाषा येत नाही. मी आईला बाजाराची यादी वाचून दाखवली तरी तुम्हाला काय कळणार आहे?"

"म्हणूनच. मला न कळता मी सही कशी करू?"

"मग दुसरं निवेदन देते. ते सेवेचं. ते वाचून दाखवायला काही हरकत नाही."

"दे. आणि जागा दुसऱ्या कुणाला मिळेल ती बघत बस."

मी फार कठोर बोलले. तिनं कागद उचलले आणि गेली. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज मध्येच थांबला, म्हणजे ती मधल्या पायरीवर बसली होती. मला उठून जावंसं वाटत होतं. उठले नाही. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, आणि माझा ताठाही आड येत होता. तिची परीक्षा, त्या चार जागांतली एक जागा, सगळं माझ्या एका सहीवर अडलं होतं आणि मी शिक्का हातात धरून बसल्यासारखी बसले होते.

मंगळवारी सकाळी खालची इस्त्री थांबली. एकोणीस वर्षांत कामाच्या वेळी ती कधी थांबलेली नव्हती. वाफेचा फुसफुसाट, टेबलावर दांडा आदळल्याचा आवाज, हे माझं घड्याळ आहे. ते बंद पडलं. मग मला मुलीचा आवाज ऐकू आला, एकसुरी, वाचताना येतो तसा. शब्द एकही कळला नाही. पण ती वळून बघत, अंदाज घेत, रंग लावत बोलत नव्हती एवढं कळलं. ती नुसतं वाचत होती. मग आवाज संपला. आई एकच काहीतरी म्हणाली. मुलीनं एकाच शब्दात उत्तर दिलं. मग इस्त्री पुन्हा सुरू झाली.

बुधवारी मी चादर द्यायच्या निमित्तानं खाली गेले. आईनं मान हलवली नाही. मुलगी कोपऱ्यात घड्या घालत होती. मला बघून पुटपुटली, "कालपासून बोलली नाहीये माझ्याशी."

"वाचून झाल्यावर काय म्हणाली?"

"किती महिने म्हणाला होता डॉक्टर, असं विचारलं."

मी वर आले आणि स्वतःला भरपूर बोल लावले. एका कागदाच्या शुद्धतेपायी मी एका घरातलं बोलणं बंद पाडलं होतं. अर्ज गेला खड्ड्यात, असं मी मोठ्यांदा म्हणाले, ऐकायला कुणी नव्हतं तरी. गुरुवारी सकाळी मी ठरवलं की खाली जायचं, काही न विचारता सही करायची आणि आयुष्यातला पहिला खोटा शिक्का मारून मोकळं व्हायचं.

पेन शोधत होते तेवढ्यात दारावर थाप पडली. उघडलं तर तिची आई. एकटी. एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा माझा जिना चढून आली होती. तळव्यांवर वाफेनं आलेला लालपणा, हातात कोऱ्या फडक्यात गुंडाळलेला अर्ज. मी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही.

"तुम्ही साक्षी," ती म्हणाली.

मी चपापले. मी तिच्या तोंडून माझ्या भाषेतला शब्द कधीच ऐकला नव्हता.

"तुम्हाला समजलं पाहिजे, मला समजलं," ती म्हणाली. "मी सांगते. तुम्ही बघा, बरोबर का."

आणि तिनं सांगितलं. दोन दिवस ती बहुतेक याचीच जुळवाजुळव करत होती. एकेक शब्द ती इस्त्रीच्या कपड्यासारखा पसरून, सरळ करून मग पुढे ठेवत होती. मी अर्जावर बोट ठेवून ओळीमागून ओळ ताडत गेले. नवरा आजारी. मोठा दवाखाना. डॉक्टर बोलला, औषध नाही चालणार. तीन महिना. मुलगी बोलली, बरं होणार, हिंडा. "मी रोज उठवला त्याला," ती म्हणाली. "जा म्हटलं. जा, बरं वाटेल. दोन महिना." इथे ती थांबली. मी पाणी पुढे केलं, तिनं ते घेतलं नाही.

"एक चूक आहे," ती म्हणाली. "डॉक्टर भरभर बोलला, लिहिलं. नाही. हळू बोलला. तीन वेळा बोलला. चांगला माणूस होता."

मी ओळ शोधली. 'डॉक्टर घाईत होते, ते भरभर बोलले.' एवढीच एक पळवाट मुलीनं स्वतःसाठी ठेवली होती, आणि मी, फूटपट्टी म्हणवणारी, ती ओळखली नव्हती. मी ते वाक्य खोडलं आणि वर दुरुस्ती लिहिली.

"बाकी बरोबर?" मी विचारलं.

"एक राहिलं. मुलगी लहान होती. ते नाही लिहिलं."

"लिहिलंय," मी दाखवलं. "हे बघा. वय अकरा."

तिनं त्या आकड्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "अकरा आकडा आहे. लहान होती, ते लिहा."

"मुळात नाहीये ते," मी म्हटलं. छत्तीस वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"माहीत आहे. लिहा," ती म्हणाली. "ती नाही लिहिणार. मी सांगते. लहान होती. माझ्या इथे येत होती." तिनं हात आपल्या बरगडीपाशी धरून उंची दाखवली. मी पेन उचलेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.

मी समासात लिहिलं, 'मुलगी लहान होती.' कोर्टात अशा दुरुस्तीशेजारी ज्याची त्याची सही घेतात. मी बोटानं जागा दाखवली, तिनं आपल्या लिपीत सही केली. मग खाली पालकाची. मग मी माझी. माझं अक्षर त्या दिवशी अजिबात वळणदार आलं नाही.

दार उघडलं तर मुलगी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. आई तिच्याशेजारून उतरताना थांबली, आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, आणि कानाला धरून तिला उभं केलं. काय म्हणाली ते मी नंतर विचारलं. "म्हणाली, उठ, कपड्यांचा ढीग पडलाय," खिडकी म्हणाली. मी तिच्याकडे रोखून बघितलं. "खरंच तेवढंच म्हणाली, बाई. जसंच्या तसं."

शुक्रवारी साडेतीनला अर्ज पोचला. दोन महिन्यांनी मुलाखतीला बोलावलं. टेबलामागे तिघं होते. त्यांतल्या एका बाईंनी निवेदन उलगडून समासावर बोट ठेवलं आणि विचारलं, ही ओळ कुणाची आहे, अक्षर वेगळं दिसतं.

"अक्षर साक्षीदाराचं आहे. ओळ आईची."

"म्हणजे तुम्ही भाषांतर करून दिलीत?"

"नाही," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते. ही तिनं तुमच्याच भाषेत सांगितली."